तीन बाय तीनचा खड्डा

पहाटे ५.१०
अमरावती, बडनेरा रोडच्या मागची वस्ती. मामा ओट्यावर बसून कटरला कानस मारतायत. झाडं छाटायचा हा कटर साडेसहाशेला घेतलेला, आणि त्याचं चौथं वर्ष चाललंय. स्प्रिंग दोनदा बदलली, पातं तेच आहे. शेजारी खताचं रिकामं पोतं पसरलंय. त्यात टिकास, सब्बल, फावडं, खुरपं, दोन घमेली आणि काथ्याचं बंडल. टिकासाचा दांडा बाभळीचा, घरीच बसवलेला. बाजारात तो दीडशेला मिळतो आणि पावसाळाभर टिकत नाही.

मामी डबा बांधून देतात. ज्वारीच्या चार भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा, दोन कांदे. भाचा मोरीवर तोंड धुतोय. तो मामा म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणायला लागली. बागकामात तीस वर्षं गेली.

आषाढाचे दिवस. तीन दिवस उघडीप आहे. काळ्या मातीत खड्डा खणायचा तर अशीच वेळ साधावी लागते. ओली असली की फावड्याला चिकटते, सुकली की टिकास उसळतं. मामा ढगाकडे पाहतात. "आज वापसा आहे. सांजीले येते पानी."

सकाळी ६.००
रुक्मिणीनगर. महिन्याच्या ठरलेल्या बंगल्यांपैकी पहिला. आठवड्यातून दोन खेपा, महिन्याला सातशे रुपये. फाटकाच्या आत उजवीकडे चौदा वर्षांचं झाड उभं आहे. मामांनीच लावलेलं. सरळसोट खोड, त्यावर फांद्यांचे एकावर एक मजले, आणि प्रत्येक मजला चहूबाजूंनी सारखा पसरलेला. घरातल्या आजी त्याला पाईन म्हणतात, शेजारची मुलं ख्रिसमस ट्री, आणि नर्सरीच्या पाटीवर असतं अरोकेरिया.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हा पाईन नाही. खरा पाईन म्हणजे हिमालयातला चीड. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात. थंडी आणि डोंगरउतार मिळाला तर तो खुलतो, अकोला-अमरावतीच्या सपाटीवर त्याचं जमत नाही. अरोकेरियाचं घराणं वेगळं. बागेत लावतात त्या दोन जाती पॅसिफिक महासागरातल्या. एक नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियातली, जिला कूक पाईन म्हणतात. कॅप्टन कूक १७७४ मध्ये या दोन्ही ठिकाणी पोचला. ही उंच, सरळ झाडं पाहून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या दिसल्या. नॉरफोकचं लाकूड पुढे त्या कामाला टिकलं नाही. झाडं मात्र जगभरच्या बागांत गेली. रोपं लहान असताना या दोन जातींची गल्लत सगळीकडेच होते.

मामा झाडाच्या एका अंगाला उभे राहतात आणि एक डोळा मिटून खोड पाहतात. शेंडा थोडा दक्षिणेला झुकलाय. बांबू लावला, दोरी ताणली, तरी झुकलाच. आजींना वाटायचं, वाऱ्यानं. मामांनी शहरातली आणखी झाडं पाहून ठेवली होती. "सगळेच तिकडे जाते. वाऱ्याचं असतं तं एखांदं इकडे आलं असतं."

त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. कूक पाईनच्या या सवयीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच खंडांतल्या १८ ठिकाणची २५६ झाडं मोजली होती. कल सरासरी साडेआठ अंशांचा निघाला, आणि दिशा विषुववृत्ताकडची. उत्तर गोलार्धात झाड दक्षिणेला झुकतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. म्हणजे रुक्मिणीनगरातलं झाड कूक पाईनच असावं. मामांनी बांबू काढून टाकलाय.

खालच्या मजल्यावर एका फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो. मिलीबग. कपाशीवाल्या मुलखात हा किडा कुणाला ओळखवून द्यावा लागत नाही. मामा जुना दात घासायचा ब्रश काढतात आणि साबणाच्या पाण्यात बुडवून बेचकं घासतात. फांदी हलते तशा खवल्यांसारख्या बारीक पानांच्या दोऱ्या मनगटावर घासतात. टोचत नाहीत. घासलेल्या जागी सालीतून राळेचा थेंब येतो आणि बोटाला चिकटतो. साबणानं निघत नाही, खोबरेल तेलानं निघतो.

आजी चहा आणतात. "मामा, आज पोरीकडे जाता ना? तिले सांगा, अंगणात मधोमध नको लावू म्हणा."

"जागा पाहून ठेवली हो आजी. तार नाई, गटार नाई."

आजींची मुलगी अकोल्याला दिलेली. गोरक्षण रोडला नवीन घर बांधलंय. माहेरच्या दारात आहे तसंच झाड तिला हवंय. आजचं काम तेच.

सकाळी ७.४५
बडनेरा रोडवरची नर्सरी. सायकली इथेच ठेवायच्या. शेडनेटखाली ओळीनं पिशव्या लागल्यात. बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. पिशवीतली माती लाल असते. इथल्या काळ्या मातीची पिशवी वाहतुकीत दगडासारखी होते, म्हणून लाल.

अरोकेरियाची तीसेक रोपं आहेत. नर्सरीवाला सगळ्यात डेरेदार रोप पुढे करतो. मामा वाकून बुंध्याशी माती सारतात. एकाच पिशवीत तीन रोपं दाटीनं लावलीत. वरून भरगच्च दिसतं. दिवाणखान्यातल्या कुंडीत चालेल, जमिनीत तिघं एकमेकांच्या उरावर बसतील. "हे नाई."

दुसऱ्याचा शेंडा तुटलाय. शेंड्याच्या जागी बाजूची फांदी वर आल्यासारखी वाटते. मामा मान हलवतात. आंब्याचा शेंडा मोडला तर चार फुटवे येतात. इथे तो भरवसा नाही. अरोकेरियाच्या आडव्या फांदीला आडवंच वाढायचं माहीत. तिचं कलम लावलं तर मूळ धरतं, पण रोप जमिनीलगत पसरत राहतं, उभं होत नाही. उभं झाड पाहिजे तर बियाणाचं रोप घ्यायचं, नाहीतर शेंड्याचंच कलम. त्यामुळे रोप महाग.

तिसरं रोप साडेतीन फुटांचं. एकटं आहे, शेंडा शाबूत. टोकावर पाच कोवळ्या फांद्यांची चांदणी नुकती उघडतेय, पोपटी रंगाची. मामा पिशवीच्या तळाशी बोट घालतात. एक मूळ भोकातून बाहेर आलंय, पेन्सिलीपेक्षा बारीक. जाड असतं तर रोप पिशवीत जास्त दिवस अडकलेलं, मुळं गोल फिरलेली. हे चालेल.

"चौदाशे."

"हजार घ्या."

"मामा, तुमच्यासाठीच चौदाशे सांगितले. दुसऱ्याले सोळाशे."

बाराशेवर जमतं. पाच किलो निंबोळीची ढेप, दोनशे रुपये. तीन बांबू, दीडशे.

सकाळी ८.३०
नर्सरीचा माल घेऊन एक छोटा हत्ती अकोल्याला निघालाच आहे. त्यात रोपाला जागा, पुढे मामांना जागा आणि मागे भाच्याला. तिघांचे मिळून तीनशे. स्वतंत्र गाडी करायची तर हिशेबच बसला नसता.

रोप आडवं ठेवायचं नाही. भाचा ते दोन पायांच्या मध्ये धरून बसतो. शेंड्यावर ओलं गोणपाट सैल गुंडाळलंय, वाऱ्यानं कोवळी टोकं होरपळतात म्हणून.

बडनेरा, लोणी, माना, मूर्तिजापूर. याच पट्ट्यात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबराचा थर टाकला होता. गिनीज बुकात नोंद झाली. गाडी गुळगुळीत जाते. दोन्ही बाजूंना सोयाबीन वीतभर झालंय, तूर मध्ये मध्ये ओळीनं. डवरे चाललेत. उघडीप सगळ्यांनीच साधलीय.

कुरणखेडला चहा. तीन कप, तीस रुपये. मामा गाडीमागे जाऊन शेंडा पाहून येतात.

सकाळी १०.४५
अकोला, गोरक्षण रोड. ताई, म्हणजे आजींची मुलगी, फाटकात उभ्या आहेत. मुरमाची दहा पोती, गिट्टीची चार, शेणखताची चार, सगळं कालच येऊन पडलंय. तीन इंची पीव्हीसी पाइपाचा दहा फुटी तुकडा भिंतीला टेकवलाय. तो मामांनी फोनवर सांगून मागवलेला.

ताईंनी गेल्या महिन्यात माती कृषी विद्यापीठात तपासून घेतली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, १९६९ पासून इथेच, अकोल्यात. अहवालात मातीचा सामू ८.२ लिहिलाय. अरोकेरियाला किंचित आंबट माती मानवते, ही अल्कधर्मी बाजूची. "चुना, राख काई टाकाचं नाई याच्यात," मामा पहिल्यांदा हेच सांगतात. "लोक झाडाले राख घालते. ह्या झाडाले नको."

मग जागा. घरापासून पंधरा फूट, कंपाउंडपासून नऊ. वर विजेची तार नाही, हे मामा दोनदा पाहतात. आपल्या बेटावर हे झाड ५०-६० मीटरपर्यंत जातं. इथे तेवढं जाणार नाही, पण तिमजली घराच्या वर नक्की जाईल. आणि तारेखाली आलं की कुणीतरी शेंडा कापतं. शेंडा कापलेला अरोकेरिया पुन्हा आधीसारखा होत नाही.

सकाळी ११.००
दोरी, चार खुंट्या. तीन फूट बाय तीन फूट. खोली दोन फूट.

पहिलं टिकास मामांचं. वरचा अर्धा फूट बांधकामाचा मलबा. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक खिळा. हे सगळं वेगळं काढायचं. सिमेंटमुळे सामू आणखी चढतो. मलब्याखाली अस्सल काळी. टिकास आत जातं, पण बाहेर येताना माती धरून ठेवते. भाचा फावड्यानं घमेलं भरतो. फावड्याला चिकटलेला थर दर चार-पाच घावांनी लाकडाच्या चिपेनं खरवडावा लागतो. खणण्याइतकाच वेळ खरवडण्यात जातो.

ताई वर्तमानपत्र वाचत व्हरांड्यात बसल्यात. "मामा, एवढा मोठा कायले? रोप तं एवढंसंच आहे."

मामा घाम पुसतात. "रोपासाठी नाई, पाण्यासाठी."

दीड फुटावर माती बदलते. काळीत पांढरे खडे दिसायला लागतात, हरभऱ्याएवढे. चुनखडी. हातात घेतलेलं ढेकूळ मोडलं तर कडेनं गुळगुळीत, चकाकणारी पाठ निघते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वर्षानुवर्षं स्वतःवरच घासली जाते. एप्रिलमध्ये हिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीची मुळं ते सोसतात. बेटावरून आलेल्या झाडाची बारीक मुळं भेगेत ताणली जाऊन तुटतात.

भाचा एका दमात सहा घमेली नेतो, मग थांबतो. भरलेलं घमेलं पंधरा किलोच्या आसपास. मामा थांबत नाहीत, पण घाव सावकाश घालतात. त्यांचा दम मोजलेला आहे.

दुपारी १२.४५
खड्डा झाला. आता चर. खड्ड्याच्या तळापासून कंपाउंडबाहेरच्या नालीपर्यंत, दहा फूट. प्लॉट रस्त्यापेक्षा दीड फूट उंच बांधलाय आणि नाली आणखी दीड फूट खोल, म्हणून उतार मिळतो. दर फुटाला अर्धा इंच. मामा पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाहतात. गवंड्याची पद्धत.

चर नऊ इंच रुंद. आत उभं राहता येत नाही. गुडघ्यावर बसून सब्बलेनं फोडायचं आणि हातानं काढायचं. खड्डा आणि चर मिळून दीड टनापेक्षा जास्त माती बाहेर आलीय. कोपऱ्यात तिचा ढीग कंबरेपर्यंत.

चर नालीपर्यंत पोचायला दोन हात राहिलेत. मामा काम थांबवतात आणि ताईंना बोलावतात. खड्ड्याच्या तोंडाशी चरीत मातीचा बांध तसाच ठेवलाय. तीन बादल्या पाणी खड्ड्यात ओततात. "आता जेवू. मंग पाहा."

दुपारी १.१५
गाडीच्या शेडमध्ये बैठक. भाकरी, बेसन, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. ताई अंबाडीची भाजी आणि ताक आणून देतात. मामांच्या तळव्याला करंगळीखाली नवा फोड आलाय. टिकासाच्या दांड्याचा नाही, सब्बलेचा. त्यावर ते हळद लावतात आणि चिंधी गुंडाळतात.

भाच्याची रोजी सहाशे. लग्नसराईत मंडपाच्या कामावर आठशे मिळतात. तरी तो पावसाळाभर मामांकडे असतो. कटर चालवायला शिकतोय. कटर येतो त्याला बंगला मिळतो, टिकास येतं त्याला फक्त रोजी.

दुपारी १.५५
खड्ड्याकडे. तीन बादल्यांपैकी जवळपास सगळं पाणी तसंच आहे. चाळीस मिनिटांत बोटभर उतरलं असेल. ताई पाहत राहतात.

"हे आता दोन दिवस रायते," मामा म्हणतात. "आठ दिवस पानी लागलं तं आठ दिवस. मुळं त्याच्यात बुडून मरते. वरून झाड पिवळं पडते, लोकाले वाटते पानी कमी झालं. मंग आणखी टाकते."

खड्ड्याच्या तळाशी नुसती गिट्टी घालायची रीत सगळीकडे आहे. तिनं काही होत नाही. पाण्याला बाहेर जायला वाट नसली तर गिट्टीतही तेच पाणी साचतं. मामा खड्ड्याकडचा बांध सब्बलेनं फोडतात. पाणी चरीत येतं, गढूळ, हळूहळू. दुसऱ्या टोकाला भाचा शेवटचे दोन हात खणून काढतो. कंपाउंडच्या पायात सोडलेल्या भोकातून पाणी नालीत पडतं.

मग पाइप. खालच्या अंगाला तापवलेल्या सळईनं दोन-दोन इंचांवर भोकं पाडलीत. चरीत आधी गिट्टीचा थर, त्यावर पाइप, वर पुन्हा गिट्टी. त्यावर जुन्या शेडनेटचा तुकडा, म्हणजे माती आत उतरून भोकं बुजणार नाहीत. मग माती ओढून पायानं दाबायची. पाऊण तास लागतो. काम संपतं तेव्हा चर कुठे होती ते दिसतही नाही.

दुपारी ३.००
मिश्रण. दर खेपेला काढलेल्या मातीतली मलबा नसलेली चार घमेली, चार मुरमाची, तीन शेणखताची. वर ढेपेची ओंजळ. फावड्यानं तीनदा उलटवायचं. शेणखत मुठीत दाबून, वास घेऊन पाहायचं. वास आला तर कच्चं. कच्च्या खताला उधई लागते आणि मुळं जळतात. हे कुजलेलं आहे, काळं आणि हलकं. एका पोत्याचे एकशेवीस.

खड्डा जमिनीपर्यंत भरून मामा थांबत नाहीत. वर आणखी सव्वा फुटाचा उंचवटा करतात, पाच फूट रुंदीचा. झाड त्यावर बसणार. ताईंना खड्डा म्हणजे खोलगट आळं अपेक्षित होतं, इथे टेकाड उभं राहतंय.

रोपाची पिशवी पात्यानं दोन बाजूंनी उभी कापतात. लाल मातीचा गोळा तसाच शाबूत निघतो. कडेनं दोन मुळं गोल वळलीत. मामा ती बोटानं सोडवून बाहेर करतात. एक सुटत नाही, ते कटरनं कापतात. मग रोप टेकाडात बसवतात. बुंध्याची मान मातीच्या वर दोन बोटं. पुढेमागे अर्धा फूट खाली बसणार, हे धरूनच.

भाचा फाटकाशी जातो. "मामा, डावीकडे. अजून. बस."

बांबू दोन, समोरासमोर, मुळांच्या गोळ्याच्या बाहेर ठोकलेले. काथ्या आठाच्या आकड्यात, सैल. खोड थोडं हललं पाहिजे. करकचून बांधलेलं खोड जाड होत नाही.

दुपारी ४.१०
टेकाडावर कुटार पसरायचं. गेल्या हंगामातलं सोयाबीनचं, शेजारच्या गोठ्यातून दोन पोती, फुकट. चार बोटं जाडीचा थर, खोडापासून वीतभर दूर. कुटाराखाली ढेपेचा हात फिरवायचा. उधई कुटाराला येते, ढेपेला बिचकते.

मग ताईंशी बोलणं. मामा उभ्यानंच सांगतात, ताई फोनमध्ये लिहून घेतात.

पावसात पाणी द्यायचं नाही. पाऊस गेल्यावर बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचं. कोरडं लागलं तर एक बादली, ओलं असलं तर काहीच नाही. अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे आला की सगळीकडे पाइप फिरवायची सवय असते. ह्या झाडावर तो फिरवायचा नाही.

मार्चमध्ये पश्चिमेकडून हिरवी नेट बांधायची. पहिले दोन उन्हाळे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ ओलांडतो आणि दुपारी तीनचं ऊन भिंतीवर आपटून परत येतं. नेट झाडाला चिकटवायची नाही, चार बांबूंवर ताणायची.

खालच्या फांद्या कापायच्या नाहीत. त्या गेल्या की पुन्हा तशा येत नाहीत. डिसेंबरमध्ये दिव्यांच्या माळा घालायच्या तर हलक्या, आणि शेंड्याला तारा बांधायचा नाही.

"खत?"

"दिवाळीनंतर शेणखत एक घमेलं. युरिया नको. झाड लांब वाढते, कमजोर रायते."

दुपारी ४.५०
पैसे. साडेपाच हजारांत सगळं ठरलं होतं. झाड, सामान, वाहतूक, मजुरी. ताईंनी सामानवाल्याला काल स्वतः काही दिलं नाही, ते मामांच्याच नावावर आहे.

"मामा, पाच करा ना."

मामा खिशातून चिठ्ठी काढतात. सामानवाल्याचा हिशेब. मुरूम सहाशे, गिट्टी दोनशेचाळीस, खत चारशेऐंशी, पाइप साडेचारशे. ताई वाचतात. "पाच आता देते. पाचशे, पंधरा दिवसांनी, दोरी पाहाले याल तेव्हा."

"चालते."

फोनवर पाच हजार येतात. सामानवाल्याचं दुकान वळणावरच आहे, त्याचे सतराशे सत्तर लगेच फिरतात.

संध्याकाळी ५.४०
अकोल्याचा बसस्टँड. पोत्यात गुंडाळलेली हत्यारं भाच्याच्या खांद्यावर. मामांचा फोन वाजतो. दर्यापूरकडचा एक शेतकरी. गेल्या वर्षी घरासमोर अरोकेरिया लावलं, आता खालच्या फांद्या टोकाकडून तपकिरी पडत येतायत.

"पानी कोनतं देता?"

बोअरचं.

मामा गप्प होतात. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा भाग त्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारं. त्यातल्या सोड्यानं काळी माती आणखी घट्ट होते, वर पापुद्रा धरते आणि मुळांना हवा मिळत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्याला न डरणारं हे झाड अशा मातीत गुदमरतं.

"बोअर बंद करा आजपासून. छपराचं पानी टाकीत धरा, तेच देत जा. जिप्सम टाका झाडाभोवती. आनि बाजूनं चर काढा, नाई तं मीठ तिथंच रायते."

जिप्सम त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. चरीचं ऐकून तो थांबतो. मजूर कुठून आणू, विचारतो. मामा रविवारी येतो म्हणतात. भाडं आणि भाच्याची रोजी, बाकी झाड जगलं तर बोलू.

संध्याकाळी ६.०५
एसटी. दोन तिकिटं, तीनशेवीस. मामा खिडकीशी बसल्याबसल्या झोपतात. भाचा फोनवर कूक पाईनचे फोटो पाहतोय. न्यू कॅलेडोनियाचा किनारा, खडकावर ओळीनं उभी झाडं. बोरगाव मंजूच्या पुढे काचेवर थेंब पडायला लागतात. मूर्तिजापूरला जोर धरतो.

रात्री ८.४५
घर. पावसानं वस्तीचा रस्ता भरलाय. नर्सरीतून सायकली ढकलत आणाव्या लागल्या. मामा आधी टिकास आणि फावडं धुतात, पुसतात, तेलाचा बोळा फिरवतात. ओली माती रात्रभर राहिली तर सकाळी गंज.

मग वही. डाव्या बाजूला साडेपाच हजार. उजवीकडे: झाड १२००, गाडी ३००, मुरूम ६००, खत ४८०, ढेप २००, पाइप ४५०, गिट्टी २४०, बांबू १५०, काथ्या ३०, भाचा ६००, एसटी ३२०, चहा ३०, अकोल्याला स्टँडवर पुन्हा चहा-भजी ३०. बेरीज ४६३०. राहिले ८७०. त्यातले पाचशे ताईंकडे येणे. हातात ३७०. पंधरा दिवसांनी अकोल्याला एकट्यानं जाऊन यायचं तिकीट पुन्हा तेवढंच, तीनशेवीस. ते मामा वेगळ्या पानावर लिहितात.

रात्री ९.१०
फोन. ताई बोलतायत, मागे पावसाचा आवाज. "मामा, इथे दीड तासापासून कोसळतोय. अंगणात घोटाभर पाणी झालं."

मामा उठून बसतात. "टेकाडावर थांबलं काय?"

"नाही. टेकाड वर आहे. आणि बाहेर नालीत पाइपातून धार लागलीय. मी छत्री घेऊन पाहून आले."

"गढूळ का साफ?"

थोडा वेळ शांतता. ताई पुन्हा पाहायला गेल्यात. "साफ आहे. थोडं पिवळट."

"मंग बरोबर आहे. गढूळ असतं तं माती वाहून राह्यली असती. सकाळी कुटार सरकलं असंल, ते हातानं सारखं करा. झाड वाकडं दिसलं तरी हात लावू नका. मी येतो तेव्हा पाहू."

फोन ठेवून ते भाच्याला सांगतात, उद्या सहाला कॅम्पातला बंगला, लॉनची मशीन घे. आणि दर्यापूरसाठी नर्सरीत पाइपाचा भाव विचारून ठेव.